परकराची नाडी काही सांगत नाही



पुरुषांच्या पट्ट्याला भोकं असतात. पोट वाढलं की पट्टा एक भोक पुढे सरकतो आणि घरात सगळ्यांना कळतं. आपल्या परकराला नाडी असते. गाठ जिथे माराल तिथे ती बसते. वीस वर्षांत कंबर चार इंचांनी वाढली तरी नाडीची काही तक्रार नसते, आणि वरून निऱ्या खोचल्या की आरशालाही कळत नाही. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

मी लग्न होऊन सांगलीहून लालबागला आले तेव्हा सगळे मला काडी म्हणायचे. आज उंची पाच फूट आणि वजन ५२ किलो. माझ्या थोरल्या जाऊबाई दादरला राहतात. त्या अंगाने चांगल्या भरलेल्या. हळदीकुंकू असो की बारसं, आम्ही दोघी शेजारी बसलो की कोणीतरी म्हणणारच, "हिच्याकडून शिका जरा, किती सांभाळलंय बघा स्वतःला!" जाऊबाई हसून सोडून द्यायच्या. मीही हसायचे, आणि खोटं कशाला बोलू, मनातून मला बरं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासायचं होतं. मी सोबतीला गेले होते. त्या म्हणाल्या, "आलीच आहेस तर तूही दे, एकटीला मला भीती वाटते." म्हणून मीही हात पुढे केला. रिपोर्ट आले तेव्हा त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ५.९ निघाली. ती धोक्याच्या कडेवरची. माझी ७.६. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह समजतात.

मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी सांगितलं, "सगळं ठीक आहे."

का लपवलं? लाज वाटली म्हणून. दिवे लागायच्या आत जेवणारी, कंदमूळ न खाणारी, अष्टमी-चतुर्दशी पाळणारी बाई. तिला मधुमेह? लोक म्हणतील, वरवर व्रतं आणि आतून चोरून मिठाई. आपल्यात आजाराचा आणि संयमाचा असा थेट हिशोब मांडायची सवय आहे. बारीक ती संयमी, जाड ती जिभेची गुलाम, आणि आजारी ती नक्की काहीतरी चुकलेली.

डॉक्टरांकडे गुपचूप जाऊन गोळ्या आणल्या. पुढे दशलक्षण पर्व आलं. दरवर्षीप्रमाणे मी एकाशन धरलं. डॉक्टरांना उपासाचं सांगितलं नाही आणि घरच्यांना गोळीचं. चौथ्या दिवशी सकाळी गोळी घेतली, गिरगावात मंदिरात गेले, आणि परतताना पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी आली. घामाने अंग थबथबलं, हात थरथरायला लागले, बोलताना जीभ जड झाली. जाऊबाई सोबत होत्या. त्यांनी पर्स उघडली, गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि समोरच्या दुकानातून साखरेचं पाणी आणलं. मी तोंड फिरवलं, तेव्हा म्हणाल्या, "प्रायश्चित्त मी घेईन, तू आधी पी."

त्या दिवशी मी प्यायले म्हणून आज हे लिहिते आहे.

नंतर आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला खूप रागे भरून, मग शांतपणे समोर बसवून मोबाइलवर एक चित्र दाखवलं. ते चित्र प्रत्येक महिला मंडळाच्या भिंतीवर लावावं असं मला वाटतं. २००४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं होतं. त्यात दोन डॉक्टर आहेत. एक आपले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, केईएम रुग्णालयाचे. आपल्या परळचं केईएम नव्हे बरं का, पुण्यात रास्ता पेठेत आहे ते. दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांच्या उंचीला वजनाचं प्रमाण, म्हणजे बीएमआय, अगदी सारखं: २२.३. आता शरीरातली चरबी बघा. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दुपटीहून जास्त. दोघांच्याही नावाचं इंग्रजी अक्षर 'वाय', म्हणून या चित्राला 'वाय-वाय' कोडं म्हणतात. सोबतच्या मजकुरात याज्ञिकांनी स्वतःचीच थट्टा केली आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचं धावणं म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं, एवढंच.

माझा बीएमआय साडेबावीस. आपल्या लोकांसाठी २३ च्या आत असला तर ठीक मानतात. काटा मला पास करत होता. डॉक्टरीणबाईंनी शिवणाची टेप काढली आणि कंबर मोजली. ८७ सेंटीमीटर. भारतीय बायकांची मर्यादा ८०, पुरुषांची ९०. हातपाय काडीसारखे आणि सगळा साठा पोटात.

"पण पोटाच्या चरबीचा आणि साखरेचा काय संबंध?" मी विचारलं. मला वाटायचं, चरबी म्हणजे कोठीत भरून ठेवलेलं तूप. असेना का, तिचं काय एवढं! त्यांनी जे सांगितलं आणि मग मी जे वाचलं, ते माझ्या समजुतीच्या पलीकडचं होतं. गोष्ट साखरेपासून नव्हे, रोगप्रतिकारशक्तीपासून सुरू होते.

प्रतिकारशक्ती म्हटलं की आम्हा लालबाग-परळच्या लोकांना हाफकिन आठवतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढच्या जानेवारीत डॉ. हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळला आहे. लस शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रू ओळखायला शिकवते, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण शत्रू नसताना हे पहारेकरी घरातच ठाण मांडून बसले तर?

बोटाला काटा रुतला की बोट लाल होतं, गरम होतं, सुजतं. पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, रसायनं सोडतात, घाण साफ करतात आणि काम झालं की निघून जातात. याला दाह म्हणतात, आणि तो आपल्या भल्याचा असतो. आता पोटातली चरबी बघा. चरबीच्या पेशीत जास्तीचं भरत गेलं की ती फुगते. फुगून फुगून रक्ताचा पुरवठा कमी पडतो, काही पेशी मरतात. मेलेली पेशी दिसली की पहारेकरी येणारच. भक्षक पेशी येतात आणि तिच्याभोवती मुकुटासारखं कडं करून बसतात. पण इथे काटा निघतच नाही. आपण रोज नवा माल भरतच असतो. म्हणून पहारा उठत नाही. ताप नाही, सूज नाही, दुखणं नाही, आणि आत वर्षानुवर्षं दाह चालू.

या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांतलं एक टीएनएफ. १९९३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना ते लठ्ठ उंदरांच्या चरबीत सापडलं, आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं असं दिसलं. (उंदरांवरचे प्रयोग वाचताना मन खट्टू होतं, ते लपवत नाही.) दहा वर्षांनी, २००३ मध्ये, दोन वेगवेगळ्या चमूंनी चरबीत या भक्षक पेशी किती असतात ते दाखवलं. सडपातळ माणसाच्या चरबीत दहा टक्क्यांहून कमी आणि लठ्ठ माणसाच्या चरबीत जवळजवळ चाळीस टक्के. म्हणजे चरबी ही नुसती कोठी नव्हे, ती पोलीस चौकीच होऊन बसते.

इन्सुलिन म्हणजे स्वादुपिंडातून निघणारी किल्ली. ती पेशीचं दार उघडते आणि रक्तातली साखर आत जाते. दाहाची रसायनं कुलपात गंज चढवतात. किल्ली आहे, पण फिरत नाही. मग स्वादुपिंड दुप्पट किल्ल्या बनवतं, आणि बनवता बनवता थकतं. शिवाय आतड्याभोवतीच्या चरबीचं रक्त थेट यकृतात जातं, म्हणून पोटाच्या चरबीची झळ यकृताला आधी लागते. रक्तवाहिन्यांनाही हाच दाह पोखरतो. मधुमेहाच्या माणसाला हृदयाचा झटका येतो त्यामागे हेही एक कारण आहे. गंमत म्हणजे त्या चित्रातले युडकिन याच विषयावर काम करत होते. चरबीचा आणि रक्तातल्या दाहाच्या खुणांचा संबंध दाखवणाऱ्यांत त्यांचं नाव आहे.

एखादी म्हणेल, मग दाह कमी करायची गोळी घेऊ या की! शास्त्रज्ञांनाही हे सुचलं होतं. १८७६ सालीच जर्मनीत एबस्टाइन नावाच्या डॉक्टरांना दिसलं होतं की ॲस्पिरिनच्या जातीचं एक औषध भरपूर दिलं की मधुमेह्याच्या लघवीतली साखर कमी होते. सव्वाशे वर्षांनी त्याचं कारण उलगडू लागलं, मग त्याच जातीच्या औषधाची रीतसर चाचणी झाली. साखर थोडी उतरली, पण रोजचं औषध म्हणून ते रूढ झालं नाही. २०१७ मध्ये दाहाचं दुसरं एक रसायन रोखणाऱ्या औषधाची मोठी चाचणी झाली. हृदयाचे झटके कमी झाले, पण नव्याने मधुमेह होणं थांबलं नाही, आणि जंतुसंसर्गाने दगावणारे थोडे वाढले. पहारेकऱ्यांनाच झोपवलं तर खरे चोर शिरणार, हे ओघानेच आलं. म्हणून कृपा करून हे वाचून कोणी ॲस्पिरिन सुरू करू नका.

मला यातून एकच गोष्ट कळली. पहारेकऱ्यांशी भांडण नाही, त्यांना बोलावणारा साठा कमी करायचा.

पण हा साठा बारीक बाईच्या पोटात येतो कुठून? याचंही उत्तर पुण्याजवळच आहे. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलो. आपली बाळं लहानखुरी, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात असतानाच उपासमारीची तयारी! पुढे त्याच बाळांच्या ताटात भरपूर येऊ लागलं की शरीर ते पोटात साठवतं. या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, ती आपल्या शाकाहारी घरांनी नीट ऐकावी. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची खूण जास्त दिसली. बी-१२ आपल्याला दूध-दह्यातून थोडंफार मिळतं, पण पुरेसं मिळेलच असं नाही. सुनेला, लेकीला दिवस राहिले की सोनोग्राफीइतक्याच आठवणीने बी-१२ तपासायला सांगा. कमी असेल तर डॉक्टर औषध देतील.

आता माझं मत सांगते. कोणाला टोचलं तर माफ करा.

आपण संयम पाळतो, पण कुठला पाळायचा ते सोयीने निवडतो. बटाटा सोडतो आणि कच्च्या केळ्याचे वेफर्स किलोने आणतो. कांदा नाही म्हणून भजी पथ्याची होत नाहीत. सूर्यास्ताआधी जेवतो हे फार चांगलं, पण सातच्या आत उरकायचं म्हणून साडेसहाला दोन वेळचं पोटात भरतो. दहा दिवस तप करतो आणि पारण्याला शिरा, जिलेबी, केशरी दूध. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत अनशन पहिलं, ते आपण वाजतगाजत करतो. दुसरं आहे उणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणं. चौथं रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं काही सोडणं. या दोन्हींची पत्रिका कोणी छापत नाही, मिरवणूक निघत नाही, सत्काराला शाल मिळत नाही. उणोदरी तर शेजारच्या पानावरच्या बाईलाही कळत नाही. म्हणूनच ती अवघड.

दरवर्षी पर्युषणात व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो, की उपवासाला नोबेल मिळालं. २०१६ चं नोबेल ओसुमी यांना मिळालं ते पेशी स्वतःचेच जुने भाग कसे मोडून पुन्हा वापरतात याच्या शोधासाठी, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवरचं. त्यात आपल्या पारण्याच्या जिलेबीला कुठेही माफी नाही. आणि मला सांगा, तपाला नोबेलचा दाखला हवाच कशाला? तप आपण कर्मनिर्जरेसाठी करतो, साखर उतरवायला नव्हे. साखरेसाठी रोजचं ताट आहे. दोन्हींची गल्लत केली की तपही राहत नाही आणि तब्येतही.

आता मी काय बदललं ते सांगते. डॉक्टरीणबाईंना पर्वाच्या महिनाभर आधी भेटले. कुठल्या दिवशी काय खाणार ते लिहून दिलं, त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. त्या वर्षी उपास करू नका म्हणाल्या, तर मी केला नाही. मंदिरात एका आजींनी विचारलं, "यंदा नाही का?" मी म्हटलं, "आजी, मला मधुमेह आहे." इतकी वर्षं अडकलेलं ते वाक्य असं एका दमात बाहेर पडलं. आजी म्हणाल्या, "मलाही आहे गं, कोणाला सांगू नकोस."

घरात तेलाचा डबा महिन्याला किती लागतो ते कॅलेंडरवर लिहायला लागले. भात आधी वाढायचा तो शेवटी वाढते, आधी उसळ आणि कोशिंबीर. लालबागच्या चिवडा गल्लीतून पूर्वी दर आठवड्याला पिशवी यायची, ती आता सणाला येते. पूर्वी आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो, दिवसातून दहा वेळा जिना चढणं-उतरणं व्हायचं. आता टॉवरमध्ये लिफ्ट आहे. याज्ञिकांची थट्टा आठवते आणि मी चार मजले आधी उतरून पायी जाते. जेवणानंतर पंधरा मिनिटं आम्ही दोघं खाली फेऱ्या मारतो. चालताना स्नायू साखर ओढून घेतात, त्यासाठी किल्लीची फार वाट बघत नाहीत.

याने फरक पडतो का? आपल्याच देशातला दाखला देते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पाचशेहून अधिक लोकांवर अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी खाणं-चालणं सुधारलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांचं वजन मात्र फारसं उतरलं नव्हतं. म्हणजे काट्यावर काही दिसलं नाही तरी आत काहीतरी सुधारत होतं. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्या मैत्रिणींनो, हे वाक्य पुन्हा वाचा.

आणि हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या अभ्यासात देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि त्याहून जास्त लोक उंबरठ्यावर असल्याचं आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत पोट सुटलेल्या बायका ४० टक्के निघाल्या, पुरुष १२ टक्के. आपण नवऱ्याच्या पोटावर विनोद करतो, आणि आपलं पोट निऱ्यांत लपवतो!

म्हणून महिला मंडळांना माझी विनंती आहे. पर्वाच्या आधीच्या सभेत एक शिवणाची टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आकडा कोणी मोठ्याने वाचू नका, जिचा तिने मनात ठेवावा. ८० च्या वर असेल तर तपासणी करून घ्या, मग तुम्ही कितीही बारीक असा. गोळ्या चालू असतील तर व्रताआधी डॉक्टरांना भेटा. आणि अंगाने भरलेल्या मैत्रिणीला "तुला उपास बरा" असं म्हणू नका, तसंच बारीक मैत्रिणीला "तुला काय धाड भरलीय" असंही म्हणू नका. आत काय चाललंय ते दोघींनाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही.

जाऊबाईंनी माझ्यासाठी खरंच प्रायश्चित्त घेतलं. एक महिना गोड सोडलं. त्यांची ५.९ आता ५.६ आहे, माझी ६.७. माझी कंबर ८३ वर आली आहे. गेल्या रविवारी दोघी शेजारी बसलो होतो, आणि एका पाहुण्या बाईंनी सवयीने सुरुवात केली, "हिच्याकडून शिका जरा..." जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नका शिकू हो माझ्याकडून. आधी टेप आणा."

उत्तम क्षमा.